काट्याबाहेरचं हेल्मेट

बाबा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि तुम्हाला पत्र लिहायला मी आज पहिल्यांदा बसलोय. बसलोय म्हणजे काय, तिसऱ्यांदा उठून परत बसलोय. बुधवारपासून एक काम धड होत नाही. चहा टाकतो आणि विसरतो, गाडीची किल्ली खिशात असताना घरभर शोधतो. तुमच्या सुनेनं काल विचारलंच, "काऊन हो, एका जागी बसून काऊन नाई राह्यले तुम्ही?" तिला काय सांगणार? तिला सांगण्यासारखं असतं तर ते तुम्हालाच तेव्हा सांगितलं असतं.

झालं असं की पुलगाव रोडवरच्या त्या पडीत मैदानावर गाड्यांच्या शर्यती परत सुरू होताहेत. तशाच, आपल्याच. जुन्या मारुती, मागच्या सीटा काढलेल्या, चुन्याच्या रेघा, वळणावर रचलेले टायर आणि धुळीत बसलेली जनता. बुधवारी चार पोरं माझ्याकडे आली. शर्यत संपल्यावर कुणी तक्रार केली तर निकाल द्यायला माणूस हवा, तो मी व्हावं म्हणाली. मी म्हटलं, मीच का? तर एक म्हणाला, "काटेवाल्या काकाचे पोरगे ना तुम्ही. तुमच्यावर कोनी बोट नाई ठेवणार." मी हो म्हटलं. चटकन म्हटलं, विचारही केला नाही.

तुम्ही जिनिंगच्या वजनकाट्यावर बसायचात ते मला अजून लख्ख दिसतं. जाळीची खिडकी, आत तो लाल आकड्यांचा डबा, बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. एका गाडीला तुम्ही जितका वेळ लावायचात तितक्यात दुसऱ्या काट्यावर तीन गाड्या व्हायच्या. आधी खराट्यानं काटा झाडून घ्यायचा. मग गाडी चढली की खिडकीतून मोठ्यानं विचारायचं, "काई बाहेर राह्यलं का?" भरल्या गाडीच्या वेळी पाण्याचा कॅन आत असेल तर रिकाम्या गाडीच्या वेळीही तो आतच हवा, गाडीवान वर बसला असेल तर तेव्हाही वरच हवा. मग गाडी उतरवायची, पुन्हा चढवायची, आणि दोन्ही आकडे जुळले तरच चिठ्ठी लिहायची. लोक कंटाळायचे, पण भांडण झालेलं मी कधी पाहिलं नाही. म्हणूनच शर्यतीतल्या तक्रारी लोक तुमच्या काट्यावर आणायचे. गाडी जितकी हलकी तितकी पळते, त्यामुळे जो तो पत्रा कापायचा, आणि त्याला आळा म्हणून वजनाचा नियम होता. चालकासकट सहाशे नव्वद किलोच्या खाली नको. चालक मात्र शर्यतीत बसला होता तसाच बसलेला हवा, हेल्मेटसकट.

तुम्ही शेवटचे त्या निवाड्याला बसलात, त्या एप्रिलच्या शर्यतीत मी दुसरा आलो. पहिला आला तो नालवाडीचा माझा दोस्त, शेतकऱ्याच्या घरचा, आमच्यात सगळ्यात शांत. शेवटच्या वळणावर मी घसरून आडवा झालो, तर त्यानं मला ठोकायच्या ऐवजी गाडी मातीत घातली, आणि तरी जिंकला. मला हरण्यापेक्षा ते जास्त झोंबलं. अर्ध्या तासाच्या आत लेखी तक्रार द्यायची असते, मी दहा मिनिटांत दिली. गाडी हलकी आहे म्हणून. मला तसं वाटत होतं का? त्या रात्री जेवताना तुम्हीही हेच विचारलंत.

काट्यावर तुम्ही आधी नाहीच म्हणालात. "माह्या पोट्ट्याची तक्रार हाय, दुसऱ्या कोनाले बसवा." त्यावर माझा तो दोस्तच म्हणाला, "नाई काका, तुमीच करा. अन् एकदाच करा, ऊन लई हाय." गाडी काट्यावर चढते. इंजिन तापलेलं, पत्रा तापलेला. तो आत बसल्या बसल्या हेल्मेट काढतो आणि खिडकीतून माझ्यापुढे धरतो. "पकड ना बे थोडं, डोस्कं तापून राह्यलं." मी पकडतो. मी गाडीच्या पलीकडे, कडुलिंबाच्या बाजूला उभा आहे, तुम्हाला जाळीतून दिसत नाही. आणि तुम्ही विचारता, "काई बाहेर राह्यलं का?"

मी गप्प राहिलो, बाबा. त्याला तो नियम ठाऊकच नव्हता. मला होता. हेल्मेट घामानं आतून ओलं होतं, माझी बोटं त्या ओलीत होती.

आकडा आला सहाशे ऐंशी. दहा किलो कमी. तुमच्या पायरीशी येऊन त्यानं आकडा पाहिला, मान हलवली आणि माझा हात हातात घेऊन म्हणाला, "मशीन थोडीच खोटं बोलते. तू जितला." त्या काट्याचा आकडा दहा-दहानं बदलायचा, हे तुम्हाला माहीत, मलाही माहीत. हेल्मेट असतं दीड किलोचं. त्या दीड किलोनं आकडा पलटला असता का? असताही, नसताही. हा हिशेब मी इतक्यांदा केलाय की आता मला माझीच चीड येते. उत्तर मिळायचं नाही, कारण परत काटा झालाच नाही.

त्या रात्री आईनं वांग्याची भाजी केली होती. तुम्ही ताट अर्धं ठेवून म्हणालात, "एकदाच काटा केला आज. बावीस वर्सांत पयल्यांदा. तो म्हणे ऊन हाय, अन् मी आयकलं." मी म्हटलं, मशीनच आहे ना ती. तुम्ही माझ्याकडे न बघता बोललात, "मशीन इचारत नाई. इचाराचं काम मानसाचं." मला वाटलं तुम्हाला कळलं. पण नाही, तुम्ही स्वतःलाच बोलत होता. पुढच्या वर्षी पोरं बोलवायला आली तर तुम्ही त्यांना हात जोडलेत. "माह्या हातून एका पोराचं नुकसान झालं असंन, मी आता नाई बसत." आणि नंतर खरंच कधी बसला नाहीत. माझं ओझं तुम्ही तुमचं म्हणून वागवलंत, पार शेवटापर्यंत, आणि मी ते उतरवून घेतलं नाही. दवाखान्यात तुमच्या उशाशी आठ दिवस होतो. एक वाक्य बोलायचं होतं फक्त.

बुधवारी एक गोष्ट त्या पोरांनी जाता जाता सांगितली. माझं नाव त्या दोस्तानंच सुचवलं. नालवाडीला त्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे आता. रविवारी त्याची मुलगी गाडी काढणार आहे, आणि तो म्हणाला म्हणे, तिच्यावर तक्रार आली तर काटा याच्याच हातून व्हावा.

त्या शर्यतीचा कप अजून कपाटावर आहे, तुम्ही त्याच्याकडे बघायचा नाहीत. बक्षीस घेऊन खाली उतरलो तेव्हा तो हेल्मेट घ्यायला आला होता. ते तोवर माझ्याच काखेत होतं. त्यानं ते घेतलं, आतून पुसलं आणि म्हणाला, "बरं झालं तू सांभाळलं. मी तं इसरूनच गेलतो."

हे पत्र खरं म्हणजे त्याला द्यायला हवं. तुम्हाला लिहितोय, कारण तुम्ही वाचणार नाही. त्याचं दुकान माझ्या सावंगीला कामावर जायच्या रस्त्यावरच आहे, रोज दोनदा समोरून जातो, आणि आजही थांबलो नाही.