खाजवू नगंस

आई,

तू जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज तुला लिहायला बसले ती अंगाच्या खाजेबद्दल. ऐकून कंटाळणार नाही असं दुसरं माणूस उरलेलं नाही.

वारणानगरच्या कॉलनीतलं आपलं स्वयंपाकघर. मी आठ-नऊ वर्षांची. तू भाकरी थापतेस आणि मी दाराच्या चौकटीवर कोपराच्या आतली कातडी घासतेय. तू उठतेस आणि माझ्या बोटांवर उलथनं हाणतेस. "खाजवू नगंस म्हणून किती येळा सांगू? रगत काढलंस की!" त्याच दुपारी तू आपल्या जुन्या सुती साडीच्या दोन पिशव्या शिवल्यास आणि सुजलेल्या बोटांवर फुंकर घालत माझ्या हातांवर बांधल्यास. मग कडुलिंबाच्या कढत पाण्यानं, साबण घासघासून अंघोळ. घटकाभर बरं वाटायचं, नंतर नुसती आग.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी मलम दिलं, तेव्हा आठ दिवसांत माझे हात इतर पोरींसारखे झाले. तू कौतुकानं शेजारच्या काकूंना दाखवलेस. त्या म्हणाल्या, "त्यानं कातडं जळतंय. पोरीचं लगीन व्हायचं न्हाय." तू ती ट्यूब मोरीत पिळून टाकलीस. मी बघत उभी होते.

आता माझ्या मुलीला तेच आहे. तेरा वर्षांची आहे. डॉक्टरीणबाई सांगतात, ही तू म्हणायचीस ती उष्णता नव्हे. कातडीच मुळात कच्ची, तिच्यात ओल टिकत नाही. धूळ, घाम, साबण आत शिरतात. खाजवलं की ती आणखी फाटते, फाटली की आणखी खाजते. त्यांनी विचारलं, घरात कुणाला दमा होता का? म्हटलं, आईला. त्यातच गेली. "मूळ एकच," त्या म्हणाल्या. तुझी धाप आणि माझी खाज सख्ख्या बहिणी होत्या, आई, आणि आपल्याला कुणी सांगितलंच नाही.

आम्ही सगळं करतो. कोमट पाणी, झटपट अंघोळ, अंग ओलसर असतानाच ओल धरून ठेवणारं साधं मलम. लाल चट्ट्यांवर, सांगितले तेवढेच दिवस, तू फेकलंस तसलंच औषध. फार खाज सुटली की गार ओला फडका. चार दिवस बरे जातात. मग ऊन तापतं, परीक्षा येते आणि मान पुन्हा सोलून निघते. "मम्मी, हे कधी जाणार?" "जाईल की," मी म्हणते. डॉक्टरीणबाई तसं म्हणालेल्या नाहीत. माझं चाळिशी उलटली तरी गेलेलं नाही, हे तिला दिसतंच. आताशा ती विचारतही नाही.

तुझ्यावर रागवावं म्हटलं तर तेही जमत नाही. सगळं कळून मी तरी काय केलं?

परवा ती अभ्यास सोडून मान ओरबाडत होती. डोळे मिटलेले, चेहरा शांत. थांबवायला हवं होतं. मी दारात उभी राहिले आणि तिला मनसोक्त खाजवू दिलं. हे कुठं धाडायचं नाही म्हणून लिहिते: तिच्याकडे बघून मलाही जरा बरं वाटलं.