हिरवी टोपली, निळी टोपली

बंगळूर, बुधवार

तीर्थस्वरूप भीमराव मामांस,

वेदश्रीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. गुडघा कसा आहे? मामींनी काढून दिलेलं तेल लावता ना? (लावत नाही, हे मला इथे बसून कळतं.) मी मजेत आहे, फक्त हुबळीतल्या आपल्या कमरीपेठेने माझ्यावर हरायची वेळ आणली आहे.

दुकानात कुठला माल संपत आला याची आठवण करून देणारं आमचं ॲप तुम्हाला माहीतच आहे. सातजणांनी दीड वर्ष खपून केलं. चिन्ह, हिरवी टोपली. गेल्या महिन्यात कळलं की आमच्याच कंपनीत, आमच्याच वरच्या मजल्यावर, दुसऱ्या टीमने हेच काम करणारं ॲप केलंय. चिन्ह, निळी टोपली! कंपनी एवढी मोठी, की दोन मजल्यांमध्ये लिफ्ट आहे पण बोलणं नाही. सगळ्यांना एकत्र बसवायला मी निघाले, तर निरोपांसाठी ते कंपनीचं एक ॲप वापरतात, आम्ही दुसरं. माझं आमंत्रण त्यांना नवव्या दिवशी दिसलं. शेवटी वरिष्ठांनी ठरवलं, जास्त दुकानदार वापरतील ते राहील, दुसरं बंद.

सोमवारी बैठकीत पडद्यावर नकाशा लागला. सगळीकडे बरोबरी, आणि हुबळीवर निळा डोंगर! एका दिवसात एकशे चाळीस दुकानं, प्रत्येकाचे पाच तारे, खाली एकच वाक्य: "आमच्या वेदश्रीने केलंय, बेष्ट आहे." (नागोजी अण्णांनी तर "घरातली पहिली पदवीधर" हेही जोडलंय.) मामा, दारोदार फिरून तुम्ही सगळ्यांना समोरच्यांचं ॲप दिलंत! चूक माझीही आहे, 'आमचं ॲप पेठेत सगळ्यांना द्या' असं फोनवर सांगताना मी रंग सांगायला विसरले.

मी उभी राहिले आणि खरं ते सांगितलं. हुबळीने निळ्या टोपलीला नाही, माझ्या मामांना हो म्हटलंय. दोघांनी मिळून एकच ॲप केलं, तर मामांना चुकायला जागाच उरणार नाही. वरच्या टीमचा विनायक हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिला. निर्णय पुढच्या शुक्रवारी. काळजी नसावी, मी जिंकणार.

तुमची,
वेदश्री

ता. क. खरं काम हे, की शुक्रवारच्या आत सगळ्यांना निळी काढून हिरवी घ्यायला लावा. (ही लबाडी नव्हे, चूकदुरुस्ती.) पुन्हा घोळ नको म्हणून फोन न करता कागदावर हिरव्या पेनने चित्र काढलंय.

ता. क. २. थांबा, कुणाला काही सांगू नका! पाकीट चिकटवताना निरोप आला. वरिष्ठांना पटलं, दोन्ही टीम मिळून एक नवं ॲप करणार, प्रमुख मी आणि विनायक. मात्र ते होईपर्यंत जुनी दोन्ही चालू राहणार, म्हणजे सध्या काम तीन ॲपचं. नव्याच्या चिन्हावर आमचं एकमत झालेलं नाही, म्हणून खाली चौकोन मोकळा सोडलाय. मामींना सुचेल ते काढून पाठवा. टोपली तेवढी नको.