बयेकेची अंघोळ आणि डबे घेऊन आलेले म्हातारे

सेंटाने, दक्षिण आफ्रिका, ४ जून

चि. यांडीस्वास आशीर्वाद.

आठवण करून देते, मी तुझी आजी. अजून आहे. शहरात लोकांच्या म्हाताऱ्या कुत्र्यांना कोमट पाण्यात चालवता चालवता घरची दोन म्हातारी विसरलीस, एक मी आणि एक आपला कुत्रा बयेके.

जूनच्या थंडीने त्याचे मागचे पाय आखडलेत. उठताना असा कण्हतो की मला वाटतं मीच उठतेय. तुझा वुयानीकाका म्हणतो, महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत कुत्रा स्वतःच्या पायांनी गुरांच्या फाटकाशी आला नाही, तर बंदूक काढतो. मी म्हटलं, मग मलाही रांगेत उभी कर, माझे गुडघे काही वेगळे नाहीत. हसला, पण बंदूक पुसून ठेवली आहे.

काय करू ते लवकर कळव. अक्षर शेजारच्या नोलितसाचं, टोमणे माझे.

लोभ थंडीत गोठू देऊ नकोस.
तुझी आजी

गेबेर्हा, १० जून

ती. आजीस नमस्कार.

विसरले नाही गं. आधी गुरांच्या डॉक्टरांना दाखव. ते हो म्हणाले तर मोठ्या भांड्यात त्याच्या पोटाच्या वरपर्यंत कोमट पाणी घे. पाणी अंगाचा भार उचलतं, सांधे सुटे होतात. तळाला पोतं टाक, पोटाखालून टॉवेलची झोळी धर, पाच मिनिटं पाय हलवू दे. मग कोरडं करून मांड्या हलक्या हाताने चोळ. एकटीने उचलू नकोस, माणसं घे. आणि त्याला लापशी कमी घाल, वजन सांध्यांवर येतं. तुझा सढळ हात मला ठाऊक आहे.

टोमण्यांची भुकेली,
यांडीस्वा

सेंटाने, ३० जून

चि. यांडीस्वास आशीर्वाद.

डॉक्टर हो म्हणाला. मोठं भांडं म्हणजे आपलं घरची बिअर करायचं कापलेलं पिंप, दुसरं आहे काय घरात? शनिवारी अंगणात चूल पेटवली, पिंप ओढलं, नोलितसाला बोलावलं. आता धूर, पिंप आणि दोन बायका दिसल्यावर या गावातला पुरुष काय समजेल, तूच सांग. घटकाभरात सात म्हातारे आपापले प्यायचे डबे घेऊन फाटकाशी ओळीने बसले. कोणत्या पूर्वजांच्या नावाने बिअर करताय, असं अदबीने विचारलं. म्हटलं, येऊन बघा. पिंपात बयेके, डोळे मिटून, गावप्रमुखासारखा.

दारी आलेल्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? चौघांना एकेक पाय दिला, दोघांना झोळी, सगळ्यांत थोराला शेपूट. वुयानी लांबून हसत होता. मग त्याला राहवेना. असं नाही, मांडी धरा, असं म्हणत बाह्या सरसावून आलाच. असे तीन शनिवार झाले.

काल रविवार. सगळे फाटकाशी बसलेले. बयेके उठला, अंग झटकलं, लंगडत लंगडत फाटकापर्यंत गेला आणि वुयानीच्या बुटावर मुतला. वुयानीने वाकून बूट बघितला. मग म्हणाला, "मागचा पाय उचलला की गं त्याने."

बंदूक माळ्यावर गेली.

लोभ आहे तो असू दे, त्यात भर घाल.
तुझी आजी

ता. क. म्हातारे म्हणतात, शनिवारी येऊ, पण या खेपेला डबे कोरडे जाणार नाहीत असा शब्द दे. मी दिला. पिंप तेच आहे, हे तुझ्या-माझ्यात. बिअरसाठी मक्याचं पीठ घरी आहे. मोड आणलेल्या ज्वारीच्या पिठाच्या दोन पिशव्या टॅक्सीवाल्याबरोबर शुक्रवारच्या आत पाठव.