झबल्याचं माप

प्रिय आई,
टेप-कात्रीसकट नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. बाळ सातव्या महिन्यातच आलं, म्हणून काचेच्या पेटीत आहे. मला दूध येईना, तेव्हा दोन दिवस पावडरीचं दिलं. आता त्याचं पोट फुगलंय. डॉक्टरांनी दूध बंद करून सलाईन लावलंय. पावडरीमुळे झालं असं कुणी म्हणत नाही, मीच म्हणते. आता माझ्या दुधानं वाटी भरते, आणि मी ती मोरीत ओतते.

बाबांचा खोकला थांबला का?

नर्सबाई चार-चार तासांनी बाळाच्या पोटाला टेप लावतात. आपण शिवणकामातल्या, त्यांनी आकडा सांगायच्या आधीच मला नजरेनं कळतो.

झबल्याचं माप विचारलंस. इतक्यात कापड बेतू नकोस. पोटाचं माप रोज वाढतंय गं, बाळ मात्र तेवढंच आहे.

तुझी,
धाकटी