आतून कडी लागणारं दार

शार्दूल,

शिफ्ट लवकरची आहे, निघते. भाजणी भरून ठेवलीये. बाबांच्या आठवडाभराच्या गोळ्याही.

कॅम्परव्हॅनचा तुझा प्लॅन पाहिला. फॉरगॉटन वर्ल्ड हायवे, पानगळीचे रंग, सगळं छान. पण व्हॅनमध्ये गॅसशेजारी संडास नको, असं तुझ्या आई म्हणाल्या आणि तू लगेच "बंदच ठेवू" म्हणालास. आता त्या संडासात घडीच्या खुर्च्या भरणार आहेस. मला विचारलंस?

आई-बाबा आल्यापासून पाच महिने मी रडायला बाथरूममध्ये जाते. व्हॅनमध्ये चौघांत आतून कडी लागणारं तेवढं एकच दार आहे. खुर्च्या बेडखाली मावतील, मी मापं बघितलीयेत.

चिठ्ठी फाडून ऑफिसात टाक. इथला कचरा आई बघतात.

ऋजुता