खिडकीजवळची खाट

वेटिंग रूम, मंगळवार, दुपार

प्रिय चिमणे,

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. तिच्या डोळ्यांना आता अक्षर लागत नाही, म्हणून माझं प्रत्येक पत्र तू तिच्या खाटेशी बसून मोठ्याने वाचतेस, हे मला ठाऊक आहे. पोस्टमनची चाहूल लागली की ती आतूनच ‘ताईचं ना गं?’ म्हणून विचारेल. तिला सांग, गाडी लेट आहे एवढंच लिहिलंय. ते काही खोटं नाही. पुढचा पूल दुरुस्तीला काढलाय आणि आमची गाडी या जंक्शनात कालपासून ठाण मांडून बसली आहे. उद्या दुपारी सुटेल म्हणतात. टपालाची मोटार मात्र आज संध्याकाळी लांबच्या रस्त्याने निघते, म्हणजे पत्र माझ्याआधी एक दिवस घरी पोचेल. मला तेवढा एक दिवस हवा आहे.

दहा दिवसांच्या रजेतले तीन असेच गेले. ज्या बाकावर बसून लिहितेय त्याची मधली पट्टी तुटलेली आहे आणि नेमकी तीच माझ्या वाट्याला आलीय. तू असतीस तर अर्ध्या तासात स्टेशनमास्तरांशी भांडून आरामखुर्ची मिळवली असतीस. माझं भांडणाचं तोंड तिकडे गेल्यापासून गेलंच. बूट काढलेत, पाय सुजून पाव झालेत. रजेवर माणूस आराम करतो म्हणे. मी दर स्टेशनला गचका बसला की दचकून उठते आणि स्ट्रेचर कुठे ठेवायचं ते बघायला लागते. काल समोरच्या बाकावरचे आजोबा झोपेत खोकले, तर मी उठून त्यांची नाडी धरली. ते बिचारे इतके घाबरले की त्यांनी आधी आपली पिशवी छातीशी धरली.

तुझं मागचं पत्र माझ्या खिशात आहे. निघायच्या आदल्या दिवशी मिळालं. आई पुन्हा दोन वेळा नीट जेवते, गालांवर जरा मांस आलंय, शेजारणीशी भांडलीसुद्धा, हे वाचून मी वॉर्डात एकटीच हसले. पुढचं पान वाचलं आणि पत्र मिटून खिशात टाकलं. रजेवरून परतणाऱ्या सिस्टरबरोबर आता आघाडीच्या इस्पितळात एका नातेवाइकाला येऊ देतात, ही बातमी नेमकी तुलाच कशी दिसली पेपरात? आणि दिसली तर दिसली, आईला वाचून कशाला दाखवलीस? म्हणे, लेकाला भेटायला ती बोचकं बांधून बसलीय. बाळसाठी लोकरीचे मोजे, मऊ चपला आणि नखं कापायची कात्री. उजवा हात दुखावलेला माणूस डाव्या हाताची नखं कशी कापणार, हे तिला सुचलं. तिने माझ्याबरोबर येऊ नये म्हणून मी वाटेत शंभर कारणं शोधली. थंडी आहे, बॉम्ब पडतात, तिच्या गुडघ्यांना प्रवास झेपणार नाही. सगळी खरी आहेत, पण त्यातलं एकही खरं कारण नाही. ते सांगायला थोडं फिरून यावं लागेल, चिमणे. सरळ लिहायला गेले तर पेन चालत नाही.

निघताना थोरल्या सिस्टर म्हणाल्या होत्या, प्रवासात गणवेश घालू नकोस. मी मनात म्हटलं, घालणार. गणवेश असला की गाडीत जागा मिळते, चहाच्या रांगेत लोक पुढे सोडतात. त्या का नको म्हणत होत्या ते पहिल्याच स्टेशनवर कळलं. गणवेश दिसला की लोक फोटो काढून दाखवतात. पाकिटातून, पुस्तकातून, एकाने तर टोपीच्या अस्तरातून काढला. याला कुठे पाहिलंत का, सिस्टर? एक निवृत्त मास्तर होते. त्यांनी मुलाचा फोटो दाखवताना त्याची उंची, वजन आणि गणितातले मार्क सांगितले. मी नाही म्हटलं. त्यांनी आभार मानले आणि पलीकडच्या डब्याकडे गेले. दोन दिवसांत मी तीसेक वेळा नाही म्हटलं असेन. मला ते चेहरे निरखून बघावेच लागत नाहीत. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांची तोंडं पट्ट्यांत असतात. मी जखमींचा ट्रक आला की आधी पाय बघते. बाळचे पाय तुला ठाऊकच आहेत, दुकानदार दरवेळी म्हणायचा या मापाची होडी मिळेल, बूट नाही. वर्षभर मी दर ट्रकमागे ते पाय शोधतेय.

आज सकाळी या स्टेशनवर एक शिवणकामवाली भेटली. फलाटाच्या शेडखाली तिचं मशीन आहे, शिपायांच्या कोटांची बटणं लावते, फाटलेलं सांधते. माझ्या बाहीची शिवण उसवली होती म्हणून तिनेच हाक मारली. बाही शिवून झाल्यावर तिने एक फोटो हातात घेतला, पण तो मला दाखवला नाही. आधी किटलीतून चहा ओतून पुढे केला आणि म्हणाली, आधी चहा प्या बाई, मग नाही म्हणा. सगळे येतात आणि उभ्या उभ्या नाही म्हणून जातात. मी बसले. तिने फोटो मांडीवर ठेवला. कान बाहेर आलेला साधा पोरगा, अंगात नवा कोट. कोट तिनेच शिवलेला. कॉलर जरा चुकली होती, तो म्हणाला राहू दे, परत येईन तेव्हा कर, असं ती सांगत होती. तिने एकदाही विचारलं नाही की पाहिलात का. मी चहा संपवायची ती वाट बघत होती, आणि मला तो चहा संपू नये असं वाटत होतं. शेवटचा घोट घेतला आणि माझ्या तोंडून निघालं, हो, आमच्याकडे आहे. बरा आहे.

ती रडेल असं मला वाटलं होतं. रडली नाही. तिने कुठल्या वॉर्डात म्हणून विचारलं. मी सांगितलं, तीन नंबरच्या वॉर्डात, खिडकीजवळची खाट. जराही न अडखळता सांगितलं, चिमणे. वर्षभर तेच वाक्य लिहून लिहून ते माझ्या तोंडात बसलंय.

आता तुझ्या लक्षात आलं असेल. तीन नंबरच्या वॉर्डात खिडकीजवळ खाट नाही. तिथे चादरींचं कपाट आहे.

आघाडीवरून येणारी बाळची पत्रं बंद झाली तेव्हा आईने खाणं सोडलं होतं. ती भिंतीकडे तोंड करून पडून असते, ताई काहीतरी कर, असं तू लिहिलंस. तुला बोल लावत नाही. तू तरी आणखी काय लिहिणार होतीस? त्या आठवड्यात आमच्याकडे नऊ ट्रक आले होते. मी वीस तास उभी होते. बसल्यावर पहिल्यांदा हातात कागद घेतला आणि लिहिलं, बाळ भेटला. उजवा हात मोडलाय, म्हणून स्वतः लिहू शकत नाही. हात मुद्दाम उजवाच मोडला मी त्याचा. एवढी अक्कल त्या थकव्यातही शाबूत होती बघ. वाटलं, चार दिवसांत खरी काही बातमी येईल, मग बघू. आईने दुसऱ्या दिवशी पेज घेतली असं तुझं उत्तर आलं. मग मागे फिरता येईना. सहा आठवड्यांनी प्लास्टर काढावंच लागलं. मोडलेला हात किती दिवसांत बरा होतो हे मला माहीत, आणि तुमच्या गल्लीतल्या कंपाउंडरलाही माहीत. मग बोटं वळत नाहीत असं लिहिलं. बोटं वळायची वेळ आली तेव्हा टायफॉइड आणला. त्याचा ताप मी चढवला, मी उतरवला, सूप पाजलं, तो थट्टा करतो म्हणून लिहिलं. ते विनोदही माझेच, म्हणून तर इतके पांचट होते. वॉर्डातल्या खऱ्या पेशंटांइतकीच मी त्याची काळजी घेत होते. कधी कधी पत्र लिहून झाल्यावर मला बरंही वाटायचं, जणू खरंच त्याला भेटून आले. तू विणलेला स्वेटर मी एका पाणी भरणाऱ्या ऑर्डर्लीला दिला. त्याला तो लांब होतो, बाह्या दुमडून घालतो.

मी वाईट वागले. पण लिहीत होते तेव्हा ते वाईट वाटत नव्हतं, औषध दिल्यासारखं वाटत होतं. आज सकाळी त्या बाईचा चेहरा बघितला तेव्हा कळलं की हे काय आहे. तिने मशीनवर कापड टाकलं, किल्ली हमालाकडे दिली आणि आघाडीकडे जाणाऱ्या सामानाच्या गाडीत गार्डच्या हातापाया पडून जागा मिळवली. माझ्या पायांत बूट नव्हते. तशीच फलाटावर धावले. तिच्या डब्याचा दांडा धरून सांगितलं, बाई, मी चुकले, खोटं बोलले, तुमचा मुलगा आमच्याकडे नाही, मी त्याला कधी पाहिलेलंच नाही. आजूबाजूचे लोक बघत होते. मग तिने वाकून माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, कळलं मला. पाय गेलेत ना त्याचे? म्हणून नको म्हणताय मला. असू देत हो. विजार आखूड शिवीन. मी ओरडले, पाय गेले नाहीत, तो तिथे नाहीच आहे. ती म्हणाली, तुमच्यासारखी माणसं तिथे आहेत म्हणून बरं आहे. गाडी हलली. मी काही पावलं बरोबर गेले, मग फलाट संपला.

थोरल्या सिस्टरना तार करायला गेले. तारमास्तर म्हणाले, लाइन फक्त लष्करासाठी आहे. लष्कराच्या कामाचं आहे म्हणून सांगितलं, तर कागद मागितला. माझ्याकडे रजेच्या पासाशिवाय कागद नाही. तीन दिवसांनी ती आमच्या दारात उभी राहील, तीन नंबरचा वॉर्ड विचारेल आणि कुणीतरी तिला त्या कपाटापर्यंत नेईल. तेव्हा मी घरी असेन, तुझ्या हातचा चहा पीत. यात मी काहीही करू शकत नाही. मघापासून हेच एक वाक्य डोक्यात फिरतंय. कुणाचा रक्तस्राव होत असला तर मी बोट दाबून धरू शकते. इथे दाबायला काही नाहीच.

आणि म्हणून हे पत्र, चिमणे. मी गुरुवारी घरी येईन आणि आईला खरं सांगेन, हे मी ठरवलंय. पण ती विश्वास ठेवणार नाही. आज सकाळपासून मला ते पक्कं कळलंय. ती म्हणेल, हात कापलाय ना त्याचा? किंवा चेहरा गेलाय का? मला प्रवासाला नेऊ नये म्हणून बोलतेस. मी जितकं नाही म्हणेन तितका तिचा बाळ त्या खाटेवर पक्का बसेल, आणि ती कात्री घेऊन माझ्याबरोबर निघेल. म्हणून आधी तू विश्वास ठेव. बाळ आमच्याकडे नाही. कधीच नव्हता. तो जिवंत आहे की नाही हे मला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. हे पत्र रात्रभर जवळ ठेव, पुन्हा वाच, माझ्यावर संताप, मला शिव्या दे, हवं तर जन्मभर बोलू नकोस. ते सगळं मी यायच्या आत करून घे. लहानपणी मी काही सांगितलं की आई माझ्याकडे बघायचीच नाही, खरं की खोटं ते तुझ्या तोंडावर बघायची. गुरुवारीही ती तुझ्याकडेच बघेल. तेव्हा, चिमणे, तोंड फिरवू नकोस.

तुझीच,
ताई