सकाळी पळायला गेलेली माणसं

बाओजी,
८ ऑक्टोबर

प्रिय श्याओमान,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू उभ्याउभ्याच ते फाडशील, म्हणून पहिल्यांदा सांगते, खाली बस. पाठीला उशी घे आणि मग वाच. रोज फोनवर दिसणारी आई पत्र का लिहिते, असं तुला वाटेल. फोनवर माझं तोंड दिसतं, म्हणून. एकवीस तारखेचं तिकीट पलंगाच्या गादीखाली आहे. बॅगेत राळे भरलेत, लाल साखर आहे, खजुरासारखी सुकवलेली लाल बोरं आहेत, पोटाला बांधायचा पट्टा आहे. तुझं बाळंतपण करायला मी यायचं, हे तुझ्या लग्नापासून ठरलेलं. आणि आज, तेरा दिवस उरलेले असताना, मला ठरवता येत नाहीये की मी विमानात बसायचं की नाही, आणि बसले तर परतायचं कधी. कारण सांगणार आहे. पण गरम पेज जशी वाटीच्या कडेकडेनं पितात, तसंच मला सांगता येईल. मधोमध तोंड घातलं तर दोघींचीही जीभ पोळेल.

आधी वर्गाचं सांगते. ज्येष्ठांच्या विद्यापीठातल्या आमच्या थान बाई सत्तावीस वर्षांच्या, तुझ्याहून सहानं लहान, पण आम्हा बावीस पिकल्या केसांना पहिलीतल्या पोरांसारखं उभं करतात. जूनच्या शेवटी त्यांनी सुट्टीचा अभ्यास दिला. प्रत्येकानं एक इंग्रजी क्रियापद घरी न्यायचं, उन्हाळाभर त्याच्याबरोबर राहायचं, आणि सप्टेंबरात फळ्यापाशी उभं राहून बाकीच्यांना शिकवायचं. मी परदेशी जाणारी म्हणून मला सगळ्यात अवघड दिलं, ‘रन’. वर्ग हसला. समोरच्या इमारतीतले गंगकाका तुला आठवतात ना, रेल्वेच्या बॉयलरवाले? ते म्हणाले, “बाई, चुकीच्या माणसाला दिलंत. वहिनी बस सुटली तरी पळत नाहीत. पळतात ते त्यांचे यजमान, द्वान. त्यांनाच घ्या वर्गात!” मी म्हटलं, “त्यांना घ्या, पण मग सकाळची पेज तुम्ही करा.” तेव्हा मला अशी उत्तरं सुचत होती.

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी एकेक अर्थ लिहीत गेले. तू हसशील, पण मला त्या शब्दाचा राग यायचा. आपल्या चिनीतल्या ‘पळणे’च्या अक्षरात डाव्या बाजूला पायच काढलेला असतो. ज्याला पाय नाही तो पळणार कसा? आणि तिकडे बघावं तर नळ पळतो, नाक पळतं, यंत्र पळतं, पायमोज्यावरून उसवलेली रेघ पळते. दुकान चालवणारा माणूस दुकान पळवतो. घरातले तांदूळ संपले की माणूस तांदळाच्या बाहेर पळालेला असतो. रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं तर त्याच्यात जाऊन पळतात म्हणे. सप्टेंबरात वर्ग भरल्यावर मी बाईंना विचारलं, “इंग्रजांच्या घरात स्वस्थ बसलेलं काही असतं की नाही?” बाई म्हणाल्या, “काकू, पाय विसरा. जे सुरू आहे, थांबलेलं नाही, ते सगळं पळतं, एवढंच धरा.” गंगकाकांनी लगेच हात वर केला. “आपल्याकडे पण वाफ पळतेच की. चाळीस वर्षं मी तेच ओरडत आलो, झडप घट्ट करा, वाफ पळतेय!” मागून फूकाकू म्हणाल्या, “आणि पोट? परवा लग्नात जेवले, दोन दिवस माझं पोट पळत होतं.” बाई लाजून लाल झाल्या, पण फळ्यावर लिहिलं त्यांनी. मग म्हणाल्या, एखादी गोष्ट घराण्यात पळते असंही म्हणतात. जसं, “माझ्या घराण्यात उंची पळते.” मी ते वहीत उतरवलं आणि बराच वेळ वर बघितलं नाही. तुझे आजोबा, बाबांचे वडील, तोंड धुताधुता कसे खाली बसले, ते तुला सांगायला नको.

सप्टेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी माझी पाळी होती. कॅलेंडर फळ्यावर टांगलं. नळ, नाक, दुकान, सगळं नीट पार पडलं. शेवटी स्वतःच्या घरातलं एक वाक्य सांगायचं होतं. मी पाठ केलेलं म्हटलं, माझे यजमान रोज सकाळी नदीकाठी पळतात. म्हटलं आणि वर पाहिलं. गंगकाका आपल्या चपलांकडे बघत होते. फूकाकूंनी चष्मा पुसायला घेतला. बाकी एकवीसच्या एकवीस जणांना ठाऊक होतं, आणि एकवीस जणांनी टाळ्या वाजवल्या. थान बाई म्हणाल्या, “फार छान, काकू. एकही चूक नाही.” जिन्यात गंगकाकांनी मला गाठलं. “वहिनी, पोरीला फसवता ते समजू शकतो. आता इंग्रजांनाही?”

श्याओमान, तुझे बाबा सोळा जुलैपासून पळलेले नाहीत.

त्या दिवशी वेई नदीच्या बांधावर, पुलाच्या जरा अलीकडे, ते खाली पडले. मागून गंगकाका चालत होते, त्यांनी पाहिलं, म्हणून वेळेत दवाखाना मिळाला. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. एकोणीस दिवस तिथे होतो. उजवा हात आणि उजवा पाय ऐकत नाहीत. आता चार पायांची काठी घेऊन ते खिडकीपर्यंत जातात आणि परत येतात. दिवसातून सहा वेळा, मी भिंतीवर रेघा ओढते. डाव्या हातानं चमच्यानं खातात. शब्द ओल्या पिठासारखे हाताला चिकटून येतात, पण येतात. डॉक्टर म्हणतात सुधारणा आहे. हे मी खरं सांगते आहे, तुला बरं वाटावं म्हणून नाही. पण यापुढे माझ्या अशा वाक्यावर तू का विश्वास ठेवावास, हेही मला कळतं. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यांचं पहिलं अख्खं वाक्य होतं, “पोरीला सांगायचं नाही.” तुला तेव्हा सहावा महिना चालू होता. मीही तेच ठरवलं होतं. पोटुशा बाईच्या कानावर वाईट घालू नये, हे काय मला कुणी शिकवायला हवं?

मग मी धंदाच सुरू केला. तू दुपारी तीनला फोन करायचीस, तुझ्याकडे सकाळचे आठ, आणि मी म्हणायचे, बाबा पळायला गेलेत. दुपारी तीनला का? तर सकाळी ऊन होतं. ऊन कमी झालं तर म्हणे, त्यांच्या गटानं वेळ बदलली. त्यांचे पळायचे जोडे मी पहिल्याच आठवड्यात दारापासून उचलून कपाटात टाकले, कारण फोनमध्ये दार दिसतं. जुने फोटो पाठवले. ऑगस्टात एकदा त्यांनी सकाळभर सराव करून तुला चार शब्द बोलून पाठवले, तर तू उलट विचारलंस, “बाबा, भरदुपारी घेतलीत की काय?” आणि मी कळवलं, दाढ काढलीये. त्या दिवशी ते जेवले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, “चांगलं... खोटं होतं.” मला वाटतं, ते विनोद करत होते.

हे वाचताना तुला कोणता उन्हाळा आठवत असेल ते मला माहीत आहे. विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेला नऊ दिवस असताना माझी आई गेली, आणि आम्ही तुला सांगितलं, आजी मामाकडे हानचोंगला गेलीये. शेवटचा पेपर देऊन तू परस्पर तिच्या घरी गेलीस, दात नाहीत म्हणून मऊ केक घेऊन, आणि दारावर सुतकाचा पांढरा कागद चिकटवलेला बघितलास. घरी येऊन तू रडली नाहीस. म्हणालीस, “नऊ दिवस मी टीव्ही बघून हसत होते, आई. आणि तू मला हसू दिलंस.” मी म्हटलं होतं, तुझ्या भल्यासाठीच ना. तुला चांगले गुण पडले, शेजारच्या बायका मला म्हणाल्या, बरं केलंस. माझ्या ओळखीतल्या प्रत्येक घरानं हेच केलं असतं. मला वाटायचं, तू त्यातून मला माफ करायला शिकलीस. गेल्या रविवारी मला कळलं की तू काय शिकलीस.

रविवारी तू बाळाचा सोनोग्राफीतला फोटो आणायला आत गेलीस आणि फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलास. तुमचा दाराजवळचा बोळ दिसत होता. तू नुकतीच म्हणाली होतीस, “कॅलम पळायला गेलाय, आई.” भिंतीशी कॅलमचे ते निळे जोडे होते, तुमच्या लग्नानंतर इथे आला तेव्हा बाबांबरोबर बांधावर घालून गेला होता तेच. कोरडे. बाहेर पाऊस लागलेला ऐकू येत होता. एका जोड्यात आलेल्या टपालाचा गठ्ठा खोचलेला होता, उभा, जसा कुणी रोज थोडाथोडा खोचत जातं. मोरीवर एकच कप पालथा होता. तू परत आलीस, फोन उचललास, आणि तुझं तोंड आणि मागची पांढरी भिंत एवढंच दिसू लागलं. ती भिंत मी ओळखते. माझ्याकडेही एक आहे, कपाटाच्या डावीकडची.

फोन ठेवून मी मागचे रविवार मोजले. नऊ. नऊ रविवार तू मला सांगते आहेस की तुझा पळायला गेलाय, आणि मी तुला सांगते आहे की माझाही. मी माझी थाप सांभाळण्यात इतकी गुंतले होते की समोरची थाप मला दिसली नाही, आणि तुझंही तसंच झालं असणार, नाहीतर दुपारी तीनच्या उन्हात पळणाऱ्या सासष्ट वर्षांच्या माणसावर तू विश्वास ठेवला नसतास. चार रात्री मला झोप नाही. तो आजारी आहे? त्याच्या आईकडे राहायला गेलाय? भांडलात? सोडून गेला? मी स्वतःलाच सांगते, जोडे दुसरे घेतले असतील. मग तो टपालाचा गठ्ठा डोळ्यांसमोर येतो. त्याच्यावर रागावायला मला पुढे पुष्कळ वेळ आहे, आज मला फक्त भीती वाटते आहे. तू त्या घरात एकटी जिना चढतेस-उतरतेस का, कळा सुरू झाल्या तर कुणाला हाक मारणार आहेस?

बाबांना काल सांगितलं. मला वाटलं, आता म्हणतील, पोरीला विचारू नकोस. पण म्हणाले, “तू... जा. ती... एकटी.” मी म्हटलं, “आणि तुम्ही?” तर डावा हात काठीवर आपटून म्हणाले, “मी... पळतोय... कुठे?” आणि हसले, निम्म्या तोंडानं. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून ठेवला, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

आता हे पत्र का लिहिलं ते. तुझी आत्या एकोणीसला फंगश्यांगहून येते आहे. ती बाबांपाशी राहील, पण फार तर डिसेंबरातल्या, वर्षाच्या सगळ्यात लहान दिवसापर्यंत. त्यानंतर तिच्या सुनेचेच दिवस भरतात. माझं परतीचं तिकीट तीस नोव्हेंबरचं आहे. कॅलम घरी असेल, तर मी तेवढी राहून येते आणि बाबांचा पाय हाती घेते, कारण डॉक्टर म्हणतात पहिल्या सहा महिन्यांत जे परत येईल तेच येईल. कॅलम नसेल, तर तिकीट आत्ताच बदलावं लागेल, आत्याच्या मागे आणखी कुणाला आणावं लागेल, आणि ते सहा महिने कुणीतरी दुसरं मोजेल. हे बाबांनाही कळतं आणि तरी त्यांनी जा म्हटलंय. मी एकटी आहे, श्याओमान, आणि माझे दोन वाटे करायचे आहेत. खोट्यावरून वाटे नीट पडत नाहीत. पत्र जलद टपालानं टाकते आहे, पोचलं की फोन कर. आधी तू बोल किंवा मी बोलते, पण त्या पांढऱ्या भिंतीपुढे बसू नकोस. मला अख्खं घर दाखव. मीही दाखवीन.

तुझीच, आणि यायला निघालेलीच,
आई